थकलेला पहारा

तुरुंगात काही अघटित घडलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. कैदी पळाला, बराकीत मारामारी झाली, झडतीत मोबाइल सापडला, कुणी गळफास घेतला, की पाठोपाठ ड्युटीवरच्या शिपायाच्या निलंबनाची बातमी येते. तो त्या वेळी नेमका कुठे होता, दार कुणी उघडलं, कुलूप कुणी तपासलं, याची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. पण तो त्याआधी किती तास जागा होता, ही त्याची सलग कितवी रात्र होती, साप्ताहिक सुट्टी शेवटची कधी मिळाली होती, हे प्रश्न बातमीत दिसत नाहीत. खिडकीचा गज कापला गेला असेल तर त्याचा पंचनामा होतो. पहाऱ्यावरच्या माणसाची झोप कापली गेली असेल तर त्याची नोंद कुठेच होत नाही. तुरुंगाच्या सुरक्षेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला दोष हाच आहे, असं माझं मत आहे.

तुरुंग म्हटलं की आपल्यासमोर येरवडा किंवा ऑर्थर रोड येतो. नांदेड आणि लातूरची जिल्हा कारागृहं सहसा चर्चेत नसतात. तिथे मुख्यतः कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे लोक असतात. लांब मुदतीची शिक्षा लागलेल्यांची रवानगी मध्यवर्ती कारागृहात होते, आणि मराठवाड्यात ते एकच, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल. छोटा तुरुंग म्हणजे कमी काम, असा समज असतो. कर्मचाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर गणित उलटं आहे.

तुरुंगातल्या काही जागा एक क्षणही रिकाम्या ठेवता येत नाहीत: मुख्य दरवाजा, तटाचे मनोरे, बराकींचा पहारा, महिला विभाग. कैदी शंभर असोत की हजार, दरवाजावर माणूस लागतोच. आठवड्याचे तास १६८. एका माणसानं ४८ तास काम करायचं ठरवलं तर एकच जागा भरायला साडेतीन माणसं लागतात. त्यात अर्जित रजा, किरकोळ रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की आकडा चारच्या पुढे जातो. मोठ्या तुरुंगात शेकडो शिपायांच्या यादीत एकाची रजा इकडेतिकडे करून जिरवता येते. जिल्हा कारागृहात मोजकीच माणसं असतात. एकाच्या घरी लग्न निघालं, दुसऱ्याला ताप आला, तिसरा साक्षीसाठी न्यायालयात गेला, की उरलेल्यांवर डबल ड्युटी येते. तिथे अडचण एका दिवसाची नसून कायमची असते, कारण बदली माणूस मुळातच मंजूर संख्येत धरलेला नसतो.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक सुरक्षारक्षक असा निकष आहे. ऐकायला तो उदार वाटतो. पण हाच रक्षक तीन पाळ्यांत, सुट्ट्यांत आणि रजांत वाटला जातो. वरचं गणित लावलं तर निकष शंभर टक्के पाळला तरी कोणत्याही एका क्षणी साधारण पंचवीस कैद्यांमागे एक माणूस उभा असतो. आता यात वास्तव मिसळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार आणि कैदी ५ लाख ७३ हजार. चारातले तीन कच्चे. महाराष्ट्रात क्षमता २५ हजारांच्या आसपास आणि कैदी ४१ हजारांवर, म्हणजे दीडपटीहून जास्त. आणि इथे कच्च्या कैद्यांचं प्रमाण दहात आठ. देशभरातल्या तुरुंगांत मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के रिकामी. बराक दीडपट भरलेली आणि पहारा दोन-तृतीयांशावर आलेला, अशा तुरुंगात पंचवीसाचे पन्नासच्या वर होतात.

या अहवालात कैद्यांचं वय, शिक्षण, धर्म, मृत्यू, पलायन, तुरुंगातल्या चकमकी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, अगदी तुरुंगाच्या कारखान्यातलं उत्पन्नसुद्धा मोजलेलं असतं. कर्मचारी दिवसाला किती तास काम करतो, हा रकाना त्यात नाही. पोलिसांबाबत निदान अंदाज बांधायला काही हाताशी आहे: कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या २०१९ च्या पाहणीत देशातला पोलीस सरासरी चौदा तास काम करतो असं आढळलं होतं. तुरुंग कर्मचारी तोच गणवेश, त्याच गृहखात्याचा, पण भिंतीआड. शिवाय महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ मुळे सरकारी कर्मचाऱ्याला सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. त्यामुळे तट ओलांडून त्याचं दुखणंही बाहेर येत नाही.

थकव्याचं शास्त्र मात्र चांगलं अभ्यासलेलं आहे, आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे झोपेला आळसाशी जोडायची सवय आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हातानं आणि डोक्यानं जेवढा मंदावतो, तेवढाच रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस मंदावतो. चोवीस तासांचं जागरण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीचं ठरलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे सहाला उठलेला शिपाई दिवसभर घरची कामं करून रात्रीच्या ड्युटीवर आला, तर रात्री अकरालाच त्याचे सतरा तास भरतात. ज्या अवस्थेच्या बरोबरीनं मद्य प्यायलेल्या माणसाला आपण दुचाकी चालवू देत नाही, त्या अवस्थेत तो पुढे पहाटेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा सांभाळतो.

सायमन फोकार्ड आणि सहकाऱ्यांनी पाळ्यांमधल्या अपघातांचा अभ्यास एकत्र केला तेव्हा सकाळच्या पाळीपेक्षा रात्रीच्या पाळीत धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला. पहिल्या रात्रीच्या तुलनेत सलग चौथ्या रात्री तो ३६ टक्क्यांनी वाढतो. आठ तासांऐवजी बारा तासांची पाळी असेल तर २७ टक्क्यांनी. हे आकडे प्रामुख्यानं कारखाने आणि तत्सम कामांतले आहेत. तुरुंगात यंत्राऐवजी माणसं असतात, आणि पहारेकरी कधी पेंगतो याकडे त्यांच्यातल्या काहींचं बारीक लक्ष असतं. ३१ मार्च २०१५ ला नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले, ते पहाटेच्या अंधारात. त्या प्रकरणात थकवा हे कारण होतं असं मी म्हणत नाही. पण पळून जाणाऱ्यानं ती वेळ निवडावी, याचं नवल वाटायला नको. रात्री दोन ते पहाटे पाच-सहा या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात, आणि प्रशिक्षणानं, शिस्तीनं किंवा शिक्षेच्या भीतीनं ते वर येत नाहीत.

दिवसा झोपून भरून काढता येत नाही का? संशोधन सांगतं की रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तासाभरापासून चार तासांपर्यंत कमी असते. आणि हे प्रामुख्यानं थंड देशांतलं माप आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात, शाळेला सुट्ट्या लागलेली मुलं, दाराशी भाजीवाला आणि मध्येच गेलेली वीज, अशा दुपारी रात्रपाळीचा माणूस किती झोपणार? लातूरनं तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. रात्रीची ड्युटी संपवून सकाळी घागरी घेऊन रांगेत उभं राहणं हा अशा शहरात नोकरदाराच्या दिवसाचा भाग होतो. मराठवाड्यातल्या कर्मचाऱ्याच्या थकव्यात हे ऊन आणि ही पाणीटंचाई धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

थकवा शरीराचा, तणाव मनाचा, अशी विभागणी कागदावर करता येते. बराकीसमोर दोन्ही एकच होतात. तुरुंगातला तणाव मात्र इतर रात्रपाळीच्या नोकऱ्यांपेक्षा वेगळा आहे. तिथे सतत कुणीतरी तुमची पारख करत असतं. हा चिडतो का, हा पैशाला वश होतो का, याची मुलगी कोणत्या शाळेत जाते. छोट्या शहरात हे आणखी बोचतं. येरवड्यात कैदी आणि शिपाई एकमेकांना बहुधा अनोळखी असतात. नांदेडच्या तुरुंगातला आरोपी कंधारचा आणि शिपाईही कंधारचा, लातुरात दोघंही औशाचे, असं सहज होऊ शकतं. जामिनावर सुटलेला माणूस आठवडी बाजारात समोर उभा राहतो. ओळखीतून विडी-काडीची विनंती येते, विनंतीतून मोबाइलची, आणि नकार दिला की तीच ओळख धमकी बनते.

नांदेडला याला एक जास्तीची धार आहे. ५ एप्रिल २०२२ रोजी शहरात एका बांधकाम व्यावसायिकाची त्याच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. तपास खंडणीच्या टोळीपर्यंत गेला आणि आरोपींवर मोक्का लागला. २०२५ च्या फेब्रुवारीत पॅरोलवर बाहेर आलेल्या एका कैद्यावर गुरुद्वारा परिसरात गोळीबार झाला, त्यात त्याच्यासोबतचा माणूस गेला. टोळ्यांची वैरं अशी तुरुंगातून बाहेर आणि बाहेरून तुरुंगात ये-जा करतात. ज्या शहराच्या गुन्हेगारीचे धागे परदेशात बसलेल्या म्होरक्यांपर्यंत जातात, तिथल्या तुरुंगात कुणाला कोणत्या बराकीत ठेवायचं हा निर्णयसुद्धा जीवन-मरणाचा असतो. राज्यात याची उदाहरणं घडली आहेत: जून २०१२ मध्ये येरवड्याच्या अंडा सेलमध्ये आणि जून २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कळंब्यात कैद्यांनीच कैद्याचा जीव घेतला. असे निर्णय घेणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचं डोकं ताजं असणं ही चैन मानता येणार नाही.

ब्रिटिश तुरुंग सेवेतले इयान डनबार यांनी १९८५ मध्ये एक विचार मांडला, तो आज जगभरच्या तुरुंग प्रशिक्षणात शिकवला जातो. भिंत, कुलूप आणि कॅमेरा यांच्यापेक्षा जास्त सुरक्षा कर्मचाऱ्यानं कैद्यांशी रोज बोलण्यातून येते. कोण गप्प झालाय, कुणाच्या घरून तीन आठवडे मुलाखतीला कुणी आलं नाही, कोणत्या कोपऱ्यातलं हसणं मी जवळ गेल्यावर थांबलं, हे त्याला कळतं आणि भांडण होण्याआधी विझतं. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत ११९ कैद्यांनी आत्महत्या केल्या. त्यातली प्रत्येक आदल्या दिवशीच्या एखाद्या संभाषणात अडवता आली असती असं नाही, पण काही नक्कीच आल्या असत्या. थकलेला माणूस पहिली गोष्ट सोडतो ती बोलणं. तो गिनती करतो, सही करतो, खुर्चीवर बसतो. कागदोपत्री ड्युटी पूर्ण होते आणि तुरुंग आंधळा होतो. आणि सकाळी बराक उघडल्यावर लटकलेला देह ज्याला पहिल्यांदा दिसतो, खाली उतरवावा लागतो, त्या शिपायाशी नंतर कुणी दोन शब्द बोलायची पद्धत आपल्याकडे नाही. त्याचा जबाब घेतला जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मारहाणीनंतर एका कैदी महिलेचा मृत्यू झाला आणि सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. थकवा किंवा तणाव हे अशा क्रौर्याचं समर्थन होऊ शकत नाही, आणि या लेखातला कोणताही शब्द त्या बाजूनं वापरला जाऊ नये. पण न झोपलेल्या माणसाचा राग लवकर भडकतो आणि उशिरा आवरतो, हेही तितकंच खरं. म्हणून कर्मचाऱ्याची विश्रांती हा कर्मचारी संघटनेपुरता विषय राहत नाही. तो कैद्याच्या हक्काचाही विषय आहे. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्यांनी हा मुद्दा आपल्या मागण्यांत घ्यायला हवा. आजवर तो फारसा घेतलेला नाही.

महिला कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागते. जिल्हा कारागृहातला महिला विभाग लहान, त्यामुळे तिथे नेमलेल्या महिला शिपाई बोटांवर मोजण्याइतक्या. पुरुष शिपायाला तिथे बदली देता येत नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत तुरुंगात राहू शकतात, म्हणजे रात्री तापलेल्या लेकराची जबाबदारीही हिच्यावर. आणि सकाळी घरी गेल्यावर डबे, धुणं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी. वर सांगितलेले सतरा तास तिच्या बाबतीत रोजचे आहेत.

कोविडच्या काळात एक अनुभव साऱ्या राज्यानं घेतला. एप्रिल २०२० मध्ये मुंबई, ठाणे, येरवडा, भायखळा आणि कल्याण ही कारागृहं पूर्ण बंद करण्यात आली. आतले कर्मचारी आतच राहिले. तरी मे महिन्यात ऑर्थर रोडमध्ये साथ शिरलीच, कैद्यांसोबत कर्मचारीही बाधित झाले. त्या काळात तुरुंगाचा शिपाई घरापासून तुटून कैद्यांच्याच तटाच्या आत झोपला. त्याचा गौरव पोलिसांइतका झाला नाही.

उपायांकडे येऊ. न्यायमूर्ती मुल्ला समितीनं १९८३ मध्येच तुरुंग कर्मचाऱ्यांची संख्या, निवास, सेवाशर्ती यांवर विस्तारानं लिहिलं होतं. तुरुंगांच्या अमानुष स्थितीबाबत स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली न्यायमूर्ती अमिताव रॉय समिती नेमली, आणि रिक्त पदांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. शिफारशींची उणीव कधीच नव्हती.

महाराष्ट्रात अलीकडे एक बरं पाऊल पडलं. २०२४ च्या जूनमध्ये मैदानी चाचणी सुरू झालेल्या १७,४७१ पदांच्या पोलीस भरतीत कारागृह शिपायांची १,८०० पदं होती. लातूर आणि नांदेडच्या रस्त्यांवर भल्या पहाटे धावण्याचा सराव करणारी पोरं-पोरी पाहिली की या भरतीचं मोल कळतं. अकॅडमीची फी भरायला घरच्यांनी सोयाबीन विकलेलं असतं. पण मनात पोलीस ठाणं धरून धावणाऱ्या या मुलांना तुरुंगातली नोकरी काय असते हे कुणी सांगत नाही. येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात कायदा, कवायत आणि शस्त्रं शिकवली जातात. झोपेचं नियोजन, रात्रपाळीचा आहार, धमकी आल्यावर ती कुणाला सांगायची, हेही तितक्याच गांभीर्यानं शिकवायला हवं. नॉर्वेमध्ये तुरुंग कर्मचाऱ्याचं शिक्षण दोन वर्षांचं असतं. आपल्याला तेवढं परवडणार नाही, पण दिशा तीच हवी.

कॅमेरे हा सध्याचा आवडता उपाय. कॅमेरा झोपत नाही हे खरं, पण पडदा पाहणारा माणूसच असतो. रडारसमोर बसणाऱ्या ब्रिटिश हवाईदलातल्या जवानांवर नॉर्मन मॅकवर्थ यांनी केलेल्या आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते, असं दिसलं. बारा तास सोळा चौकोन पाहणाऱ्या शिपायाकडून आपण अशक्य गोष्ट मागतो आहोत. दर अर्ध्या-पाऊण तासानं माणूस बदलणार असेल तरच नियंत्रण कक्षाला अर्थ आहे. तणावावरचा उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विपश्यनेचंही तसंच. त्यातून अनेकांना बळ मिळालं आहे आणि त्यासाठी रजेची सोयही सरकारनं केली आहे. मात्र मन शांत ठेवायला शिकवून चौथी रात्रपाळी निरुपद्रवी होत नाही.

खरं उत्तर वेळापत्रकात आहे, आणि ते शक्य आहे हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा एका पोलीस शिपायानं मांडला होता आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. उपलब्ध मनुष्यबळातच पाळ्यांची मांडणी बदलून तो उभा राहिला. पुढे २०२२ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांची घोषणा झाली. तुरुंगासाठी असा प्रयोग करायचा तर नांदेड आणि लातूर ही योग्य ठिकाणं आहेत, कारण इथली यादी एका कागदावर मावते. सलग तीनपेक्षा जास्त रात्री नाहीत. दोन ड्युट्यांत किमान अकरा तासांचं अंतर. पाळी फिरवायची ती सकाळ, दुपार, रात्र याच क्रमानं. रात्री बदली माणूस देऊन वीस-पंचवीस मिनिटांची अधिकृत झोप. आज तीच झोप चोरून घेतली जाते आणि पकडली गेली तर शिक्षा होते. वसाहतीत दिवसा झोपण्यासाठी एक थंड, अंधारी, शांत खोली. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

दुसरं टोक गर्दीचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं असतं. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांचे आणि एकापेक्षा जास्त खटल्यांचे अपवाद सोडून. त्यासाठी न्यायालयात अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावरच आहे. म्हणजे गर्दी कमी करण्याची एक किल्ली तुरुंगाच्याच हातात आहे. पण हे अर्ज तयार करायला लागणारा लिपिक, आणि कैद्याला तारखेला नेणारी पोलिसांची कैदी पार्टी, दोन्ही वेळेवर मिळत नाहीत. तारीख चुकते, कैदी आणखी महिनाभर आत राहतो, बराक भरलेलीच राहते आणि त्याच्यावरचा पहारा आणखी थकतो.

प्रत्येक जिल्हा कारागृहाला अभ्यागत मंडळ असतं. त्यात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक अशा पदांवरची माणसं असतात. ते स्वयंपाकघर पाहतात, भाकरी चाखतात, कैद्यांच्या तक्रारी ऐकतात. नांदेड आणि लातूरच्या मंडळांना माझी विनंती आहे: पुढच्या भेटीत मागच्या तीन महिन्यांचं ड्युटी रजिस्टरही मागून घ्या. कुणाला किती सलग रात्री लागल्या, किती साप्ताहिक सुट्ट्या बुडाल्या, किती डबल ड्युट्या झाल्या, हे मोजा आणि भेटीच्या शेऱ्यात आकड्यांसह लिहा.